चटईवाल्या तोकुजीचा नकार

तोकुजी कुमाझाकी हा काही तलवारबाज नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. तो चटईवाला. आमच्या सेकी ह्या जपानातल्या तलवारींच्या गावात घरोघरी जमिनीवर तातामी नावाच्या जाड चटया असतात आणि त्यांच्यावरचं गवताचं अस्तर झिजलं की बदलावं लागतं. जुनं उसवायचं, नवं ताणून शिवायचं, ह्यात त्याची चव्वेचाळीस वर्षं गेली. उसवलेलं अस्तर मात्र कुणी फेकत नाही. त्याची वळकटी करायची, दोरीने आवळायची, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची आणि सकाळी खुंटावर उभी करायची. तलवारीचा सराव करणारी माणसं तीच कापतात. नागुरा नावाचा लोहार अशा वळकट्या न्यायला त्याच्याकडे यायचा. तीसेक वर्षांपूर्वी तो सहज म्हणाला, "तोकुजी, तूच एक घाव घालून बघ की." तोकुजीने घातला, आणि तलवारीकडे ढुंकूनही न बघता वळकटीचा कापलेला तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला. "टोकापासून वीतभर खाली धार जाड राहिलीय," तो म्हणाला. नागुराने घरी जाऊन तपासलं, तर खरंच राहिली होती.

तेव्हापासून गावातल्या लोहारांना सवयच लागली. सरावाची तलवार गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तोकुजीच्या मागल्या अंगणातून जायची. त्याच्याकडे ना पदवी, ना पट्टा. पण कापलेल्या गवतात त्याला जे दिसायचं ते पदवीवाल्यांना भिंग लावूनही दिसत नसे.

एवढी नजर देताना देवाने जिभेच्या बाबतीत हात आखडता घेतला. कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायचं म्हटलं की ह्याच्या घशात माशाचा काटा अडके. दारावर आलेल्या पेपरवाल्यांना नाही म्हणता आलं नाही म्हणून घरात तीन वर्तमानपत्रं येत, आणि तिन्हींत हवामान तेच. "भीड ही भिकेची बहीण असते हो," त्याची बायको सातोए ऐकवायची, "आपल्याकडे दोघी एकदमच नांदायला आल्यात." तलवार वाईट निघाली तर हा लोहाराला म्हणे, "आज गवत जरा जास्तच भिजलं होतं, नाही?" लोहार काय ते समजायचा, लाल कानांनी तलवार उचलून घरी न्यायचा. तलवार वाईट, गवत बदनाम आणि अब्रू दोघांचीही शाबूत. इतकी वर्षं हे असंच निभावलं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी नागुरा आला. वय शहात्तर. काखेत तलवारीची लांब पिशवी, हातात चहाचा थर्मास. ही त्याची शेवटची तलवार. ही दिली की भट्टी बंद, असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं. आल्या आल्या त्याने उभ्या वळकट्यांत बोट खुपसून पाहिलं आणि मान डोलावली.

"गवत बाकी अगदी बेताचं भिजवलंयस हां."

तोकुजी नुसता हसला. गवताच्या सबबीचं नेहमीचं दार आपल्यासाठी बंद झालं, हे त्याच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

नागुराने तलवार दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली, धार स्वतःकडे. तोकुजीने वाकून घेतली आणि घेताक्षणी त्याचे खांदे खाली गेले.

"बाप रे! हे काय पहार आणलीत का?"

"चौदाशे ग्रॅम. बाईंनी मागितली तश्शी. म्हणाल्या, हलकी तलवार धरली की मला छत्री धरल्यासारखं वाटतं."

बाई म्हणजे इनुझुका. नगरपालिकेची बस चालवते, पन्नाशीची आहे, आणि तिचे दंड पाहिले की बसला पॉवर स्टिअरिंग कशाला दिलंय असा प्रश्न पडतो. रविवारी देवळाच्या उत्सवात ह्याच तलवारीने ती चार वळकट्या आणि आत हिरवा बांबू, असं लोकांसमोर कापणार होती.

तोकुजीने पातं मुठीत अडकवून ठेवणारी बांबूची खुंटी अंगठ्याने दाबून पाहिली. घट्ट होती. मग तीन घाव नुसते हवेत घातले. जड तलवारीचं कसं असतं, ती कापते आपणहून, थांबवावी लागते तुम्हाला. न थांबली तर स्वतःचा गुडघा. ही गुडघ्याच्या उंचीवर आली आणि जागच्या जागी थांबली, टोक जरासुद्धा थरथरलं नाही.

"थांबते," तोकुजी म्हणाला.

"थांबणारच," नागुरा म्हणाला, आणि म्हातारा दोन बोटं उंच झाला.

पहिली वळकटी सप्पकन कापली गेली. वरचा तुकडा क्षणभर तसाच राहिला आणि मग सावकाश घसरून पडला. तोकुजीने उचलून पाहिला. काप तोफूच्या वडीसारखा सपाट. दुसरीही तशीच. तिसरीच्या पोटात हिरवा बांबू होता. नागुरा तेव्हा पाठमोरा बसून थर्मासमधून चहा ओतत होता.

तोकुजीने तलवार उचलली. एवढ्या वजनाने त्याच्या उजव्या तळव्याला घाम सुटला होता. तो पुसायला हवा होता. त्याने पुसला नाही. तलवार खाली येताना मनगट फिरलं, केसाएवढं. बांबू कापला गेला खरा, पण आवाज सप्प असा न येता खट् असा आला.

नागुराने मान वळवली नाही. तोकुजीने घाईघाईने पातं डोळ्यासमोर धरून पाठीच्या रेषेत पाहिलं. चुकीच्या कोनात घाव बसला की पातं वाकतं. वाकलं नव्हतं. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि चौथी वळकटी कापली.

चौथीच्या कापावर एक रेघ होती.

सपाट कापात एका सरळ ओळीत दहाबारा काड्या कापल्या न जाता तुटलेल्या, त्यांच्या टोकांना रेषा सुटलेल्या. पाचवीवरही रेघ, त्याच जागी. म्हणजे धारेत कुठेतरी खाच असणार. त्याने धार उजेडात धरली. खाच नव्हती. कापसाचा बोळा धारेवरून हळूच ओढला. कुठेही तंतू अडकला नाही. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा नाही.

तेव्हा त्याने बोळा खाली ठेवला. जी स्वस्थ असताना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि पात्यावर जोर आला की तेवढ्यापुरती उघडते, ती खाच नसते. ती चीर असते, धारेला आडवी. अशा तलवारीला दुरुस्ती नाही. ती आज तुटेल, नाहीतर शंभर घावांनी तुटेल, आणि तुटेल तेव्हा हातभर पोलाद कुणाच्या दिशेने उडेल ते कुणी सांगू शकत नाही.

आणि ती पडली कशाने? पहिल्या दोन वळकट्यांवर रेघ नव्हती. मनगट फिरलं, त्यानंतर आली. निर्दोष पातं वाकडा घाव बसला तर वाकतं, चिरत नाही, हे तोकुजीला पाठ होतं. पण पाठ असलेलं सगळं पोटाला पटतंच असं नाही. तीस वर्षांत आपण दुसऱ्याच्या चुका दाखवल्या, आणि आज नागुराची शेवटची तलवार आपल्याच हातून गेली, ह्या विचाराने त्याचे कान गरम झाले.

"काय मग? कशी काय?" नागुराने चहाचा पेला पुढे केला.

गवत बेताचं भिजलेलं होतं. ते नागुरानेच सांगून ठेवलं होतं. चीर आहे म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, कधी पडली? तोकुजीने तलवार म्यानात घातली, दोन्ही हातांनी परत केली, खाली वाकला आणि म्हणाला, "केक्को देस."

आता हा शब्द जरा समजून घ्या. आमच्याकडे कुणी आणखी भात वाढायला आलं आणि तुम्ही 'केक्को' म्हणालात की त्याचा अर्थ पुरे, नको. आणि कुणी आपली नवी बाग दाखवली आणि तुम्ही 'केक्को' म्हणालात की अर्थ उत्तम, झकास. शब्द तोच, सूरही जवळजवळ तोच. कुठला अर्थ घ्यायचा ते ऐकणाऱ्याने प्रसंग बघून ठरवायचं. ह्याच्यापायी आमच्याकडे लग्नं मोडलीत आणि नको असलेले गालिचे घरी येऊन पडलेत.

नागुरा बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. तो नकार पचवतोय, तोकुजीने स्वतःची समजूत घातली. जुना माणूस, समजूतदार, एका शब्दात समजला. तरी त्या दिवशी नेहमीसारखा त्याला फाटकापर्यंत सोडायला तोकुजी गेला नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला. फोन कोपऱ्यात होता. तोकुजी त्याच्यावरून दिवसातून वीस वेळा गेला. "एवढ्या वेळा घिरट्या घालताय, तर करा की एकदाचा," सातोए म्हणाली. "कुणाला?" त्याने विचारलं. "मला काय माहीत? जीव तुमचा टांगलाय." तो अंगणात निघून गेला.

रविवारी सकाळी सातोए दारातून लाखेचा डबा घेऊन आत आली. वर कागदाची घडी. झाकण उघडलं तर आत लाल भात, तांबड्या चवळीचा, वर तीळमीठ. बारशाला, लग्नाला, आनंदाच्या दिवशी वाटतात तो.

"नागुरासानच्या सूनबाई देऊन गेल्या. सगळ्या आळीला वाटतायत. चिठ्ठीत काय लिहिलंय बघा. 'तुमच्या एका शब्दाने आयुष्य सार्थकी लागलं.' अहो, काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

तोकुजीने डब्याकडे पाहिलं. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. प्रात्यक्षिक अकराला.

"नको म्हणालो होतो," तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"कसं म्हणालात?"

त्याने सांगितलं. सातोए मटकन खाली बसली. एरवी टोमणा मारल्याशिवाय न राहणारी ती बाई ह्या वेळी एवढंच म्हणाली, "गाडीची किल्ली खिळ्याला आहे. जा."

देवळाच्या पटांगणात दोरी बांधली होती, आणि दोरीच्या अलीकडे बाकं. बाकं थेट दोरीला टेकलेली. पहिल्या रांगेत बस डेपोची माणसं कापडी फलक घेऊन बसली होती, त्यांची पोरंही मांडीवर होती. खुंटापासून ती रांग चार पावलांवर. तोकुजीने ती चार पावलं डोळ्यांनी मोजली आणि तो तसाच मागे धावला.

मागच्या कोठाराशी इनुझुका मनगटं गोल फिरवत उभी होती. शेजारी नागुरा, ठेवणीतल्या काळ्या किमोनोत, नवऱ्यामुलाच्या बापासारखा.

"आलास! ये, ये," नागुरा म्हणाला. "पुढं जागा धरू का तुला?"

तोकुजी त्याच्याकडे बघू शकला नाही. तो इनुझुकाकडे वळला.

"इनुझुकासान, ही तलवार आज काढू नका."

"का हो?"

"आज गवत जरा..." तीस वर्षांची सवय आपोआप तोंडात आली. इनुझुका वाट बघत होती. पटांगणात कुणाचं तरी पोर खिदळलं. तोकुजी म्हणाला, "नाही. गवताला काही झालेलं नाही. तलवारीत चीर आहे."

नागुराचा चेहरा आधी कोरा झाला, मग तांबडा.

"काय बरळतोयस? मंगळवारी तू केक्को म्हणालास मला!"

"नको अशा अर्थाने म्हणालो."

"नको? पाच घाव घातलेस, माझा चहा प्यालास, आणि नको? चार दिवस काय मूग गिळून बसला होतास? आणि आज, उभ्या गावासमोर..."

"थांबा दोघं," इनुझुका म्हणाली. भरलेल्या बसमध्ये 'मागे सरका' म्हणताना लागतो तो आवाज. "अर्थ नंतर लावत बसा. चीर आहे का नाही ते सांगा."

"दिसत नाही," तोकुजी म्हणाला.

"न दिसणारी चीर?" नागुरा म्हणाला. "ऐका!"

"जोर आला की उघडते, एरवी मिटलेली असते. गवतावर रेघ आली होती. दोनदा, एकाच जागी."

इनुझुकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "उभ्या बसमध्ये ब्रेकही चांगलाच वाटतो," ती म्हणाली. "कसं बघायचं सांगा. वीस मिनिटं आहेत."

तलवारीची निगा राखायची पेटी तिथेच होती. नागुराने स्वतः तलवार म्यानातून काढली. त्याचा राग हातापर्यंत पोचला नव्हता, हात शांत होते. तोकुजीने दाखवलेल्या जागी त्याने पात्याला दोन्ही बाजूंनी भरपूर तेल चोळलं. मग टोक घडी केलेल्या फडक्यावर टेकवून पातं जरासं दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, म्हणजे चीर असलीच तर तेल पिईल. मग मऊ कागदाने इतकं कोरडं पुसलं की पात्यात कोठाराचं छप्पर दिसायला लागलं. शेवटी दगडाच्या बारीक भुकटीची रेशमी पुरचुंडी त्याच्यावर हलकेच थोपटली. पातं पांढरं झालं.

आता करण्यासारखं काहीच नव्हतं. चीर असेल तर प्यालेलं तेल बाहेर टाकेल. नसेल तर भुकटी पांढरी राहील. तलवार दोन उशांवर ठेवून तिघं तिच्याभोवती उकिडवी बसली.

पाच मिनिटं गेली. पांढरंच.

नागुराचा श्वास मोकळा झाल्याचं तोकुजीला ऐकू आलं. सात मिनिटं झाली. पटांगणात कर्ण्यावरून कुणीतरी लोकांना दोरीच्या मागे बसायची विनंती करत होतं. आपण चुकलो असू तर? तोकुजीच्या मनात आलं. गवत जुनं होतं, एखाद्या घरात त्याच्यावर कपाटाचा पाय असेल, काड्या तिथेच पिचलेल्या असतील. चुकलो तर ह्या म्हाताऱ्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी आपण त्याच्या ताटात माती कालवली. आपण चुकलेलो असू दे, असं त्याने देवळाकडे बघून मनापासून म्हटलं. त्या देवापाशी त्याने कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेही हे.

नवव्या मिनिटाला इनुझुका पुढे वाकली.

भुकटीत, धारेपासून वर, तांदळाच्या दाण्याएवढी एक करडी रेघ उमटली होती. ती डोळ्यांदेखत गडद झाली.

नागुराने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही," तो म्हणाला. "आहे का?"

इनुझुकाने तोकुजीकडे पाहिलं. हे तिने सांगायचं नव्हतं.

"आहे," तोकुजी म्हणाला.

इनुझुका उठली. तिने आपली जुनी, हलकी तलवार पिशवीतून काढली आणि खुंटी अंगठ्याने दाबून पाहिली. "पहिल्या रांगेत माझी भाची बसलीय, तिच्या बाळाला घेऊन," ती म्हणाली, "आज बांबू नाही कापणार." ती दोघांनाही वाकली, पण नेहमीपेक्षा कमी, आणि निघून गेली.

ढोल वाजला. दोघं म्हातारे कोठाराच्या पायरीवर बसून राहिले. तोकुजी म्हणाला, "नागुरासान, बांबूच्या घावाला माझं मनगट फिरलं होतं. तुम्ही पाठमोरे होतात. माझ्या हातून झालं असेल ह्या भीतीने मी मंगळवारी स्पष्ट बोललो नाही."

नागुरा भुकटीवरच्या रेघेकडे बघत होता.

"तुझ्या मनगटाने वाकली असती," तो म्हणाला. "हे तुला माहितीये."

"माहितीये."

"लालबुंद पातं पाण्यात बुडवलं ना, तेव्हा टिक् असं वाजलं होतं. एवढंसंच. पन्नास वर्षांत चीर पडल्याचा तो आवाज मी सहा वेळा ऐकलाय, आणि सहाही तलवारी त्याच दिवशी मोडून टाकल्यात. ही सातवी. मी स्वतःला सांगितलं, भट्टीतला कोळसा तडकला." त्याने चष्मा पुन्हा काढला. "म्हणून तुझ्याकडे आणली. तू नको म्हणशील म्हणून. आणि तू म्हणालास. मला कळलं होतं, तोकुजी. तू फाटकापर्यंत आला नाहीस, तेव्हाच कळलं होतं. पण शब्दाला दुसरा अर्थ होता, तो उचलून मी घरी गेलो."

पटांगणात वळकटी कापल्याचा सप्प असा आवाज आला आणि टाळ्या पडल्या. लहान मूल दचकून रडायला लागलं, मग त्याला कुणीतरी थोपटलं.

आपल्या हातून नव्हतं झालं, आपल्या घावाने आधीचीच चीर उघडली होती. तोकुजीला एकदम हलकं वाटलं, आणि पाठोपाठ त्या हलकेपणाची इतकी लाज वाटली की त्याने मान खाली घातली. खुंटापासून चार पावलांवरचं ते मूल अजून रडत होतं, आणि दोन शहाणी, सज्जन, कुणाचं मन न दुखवणारी माणसं त्याचं रडणं ऐकत पायरीवर बसली होती.